पुलाच्या अंदाजपत्रकात नदी कुठे आहे?

१५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. त्यानंतर राज्यभर धोकादायक पुलांच्या याद्या निघाल्या, तपासण्या सुरू झाल्या, जुने पूल पाडून नवे बांधण्याच्या घोषणा झाल्या. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण त्याच सुमारास एक वाद सुरू झाला, आणि तो अजून चालू आहे. पुलाच्या कामात नदीचे पाणी राखा, गाळ सोडू नका, पात्रात टाकलेला तात्पुरता भराव वेळेत काढा, असे कोणी म्हटले की लगेच विचारले जाते : तुम्हाला माणसे प्यारी की मासे? दुसऱ्या बाजूचे काही पर्यावरणवादीही प्रत्येक पुलाकडे नदीवरचे आक्रमण म्हणूनच बघतात आणि काम थांबवण्याची मागणी घेऊन उभे राहतात. दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे : नदी राखायची तर पुलाला उशीर होणार. माझा आक्षेप नेमका या गृहीतकाला आहे. पुलाला उशीर नदीमुळे होत नाही. तो आधी फायलींमध्ये होतो आणि मग नदीच्या अंगावर काढला जातो. नदी राखण्याचे काम पुलाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र, मोजून बिल निघणारी बाब म्हणून लिहा आणि कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम, पावसाळा संपताना काढा. पूलही लवकर होईल आणि खालच्या गावाचे पाणीही बिघडणार नाही.

समोरच्यांचे म्हणणे पोकळ नाही, हे आधी मान्य करायला हवे. कोल्हापूरकरांना विचारा. पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल उभा राहत होता, पण जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीमुळे पुरातत्त्व कायद्याची हरकत आली आणि काम अर्धवट लोंबकळत राहिले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली. तेरा माणसे गेली. पर्यायी पूल वेळेत झाला असता तर ती वाचली असती का, याचे उत्तर कोणी छातीठोकपणे देऊ शकणार नाही. पण ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना नियम, परवानगी, हरकत या शब्दांची चीड आली तर त्यांना दोष कसा द्यायचा? कोकणात तर साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला की पलीकडची वाडी चार महिने तुटते. बाळंतीण डोलीतून न्यावी लागते, मुलांची शाळा बुडते. अशा ठिकाणी शहरातून येऊन नदीच्या नावाने काम अडवणाऱ्याला लोक उभे करणार नाहीत, आणि करूही नये.

पण कोल्हापूरच्या उदाहरणावरून नेमके काय सिद्ध होते? तिथे अडचण होती ती संरक्षित वास्तूच्या परिसरात बांधकामालाच मनाई करणाऱ्या कायद्याची. काम करावे की करू नये, असा तो प्रश्न होता. नदीच्या बाबतीत मी वेगळी परवानगी मागत नाही, समिती मागत नाही, सुनावणीही मागत नाही. गावखेड्यातल्या पुलाच्या पुनर्बांधणीला स्वतंत्र पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि ती लावा असेही माझे म्हणणे नाही. काम सुरू असताना ते कसे करायचे, एवढ्यापुरतीच ही अट आहे. पायाच्या खड्ड्यातले पाणी नदीत सोडण्याआधी दोन टप्प्यांत निवळून घ्या, असे सांगितल्याने कुठला पूल सहा महिने रखडला आहे?

पुलाचे काम पात्रात कसे चालते ते जरा जवळून पाहू. जुन्या पुलाशेजारी आधी वळणरस्ता होतो. पात्रात चार-सहा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचे मोठे नळ, टाकायचे, वर डंपरने मुरूम ओतायचा, रोलर फिरवायचा. साठ-सत्तर मीटर रुंद नदीने मग त्या चार-सहा तोंडांतून जायचे. पुढे पायाची खोदाई. सह्याद्रीच्या नद्यांत कातळ लवकर लागतो, तिथे ब्रेकर चालतो. खाडीच्या चिखलात पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घ्याव्या लागतात आणि त्यांच्या भोकात बेंटोनाइटची पातळ माती फिरवतात. खड्ड्यात पाणी भरत राहते म्हणून पंप बसतो, आणि पंपाचा पाइप दहा पावलांवर प्रवाहातच सोडलेला असतो. स्लॅबच्या दिवशी ट्रान्झिट मिक्सर रिकामा झाला की त्याचा ड्रम काठावरच धुतात. ते राखाडी पाणी गोट्यांमधून उतरून डोहाकडे जाते. दिसायला ते साधे मातकट पाणी, पण सिमेंटमुळे त्याचा सामू (पीएच) बाराच्या आसपास पोचतो. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे साडेसहा ते नऊच्या दरम्यान जगतात. नवा पूल उभा राहिला की जुना पाडायचा. त्याची दगडी कमान, काँक्रीटचे तुकडे बऱ्याचदा खालीच पडून राहतात, कारण वर काढायला क्रेन लागते आणि क्रेनला पैसे लागतात. जूनची पहिली सर येईपर्यंत वळणरस्त्याचा मुरूमही तसाच. तो काढायचा कशाला, पूर नेईलच, असा हिशेब असतो.

यावर येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप असा : पूर नेतोच की! जुलैत सावित्री, वाशिष्ठी, काळ, कुंडलिका कशा लालभडक वाहतात ते बघा. डोंगरातून येणाऱ्या त्या गाळापुढे एका पुलाचा मुरूम म्हणजे किती? शिवाय ज्या नद्यांत औद्योगिक वसाहतींचे रसायन आणि शहरांचे सांडपाणी जाते, तिथे पुलाच्या ठेकेदाराच्या निवळण खड्ड्यावर बोट ठेवणे हा दांभिकपणा नाही का? रसायनांचा प्रश्न मोठा आहे यात शंका नाही. पण मोठा अपराध शाबूत आहे म्हणून लहान अपराध माफ, हा न्याय आपण दुसरीकडे कुठे लावतो? आणि गाळाचा आक्षेप तर नदीचे वेळापत्रक न पाहिल्यामुळे निघतो. जुलैतला गाळ जुलैतल्या पाण्याबरोबर येतो. प्रवाहाला जोर असतो, तो बारीक माती खाडीपर्यंत ओढून नेतो, आणि इथल्या जीवांची सारी दिनचर्या त्या गढुळाशी जुळलेली आहे. पुलाचा गाळ सुटतो तो जानेवारी ते मे या काळात. तेव्हा नदी म्हणजे डोहांची एक माळ असते, मधून जेमतेम घोटाभर पाणी सरकत असते. त्यात सोडलेली माती पुढे जात नाही. ती पहिल्या डोहात बसते, गोट्यांमधल्या सांदी बुजवते. त्याच सांदींत किडे, झिंगे, मळ्या उन्हाळा काढतात. पावसाळ्यापर्यंत जगून राहण्यासाठी नदीने राखून ठेवलेली जागाच त्या महिन्यांत भरली जाते. गाळाचे वजन दोन्ही वेळेला सारखे धरले तरी परिणाम सारखा कसा होईल?

आणि त्या डोहांवर फक्त मासे जगत नाहीत. कोकणातल्या कितीतरी नळपाणी योजनांची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, अशाच एखाद्या डोहाच्या काठी असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचे एकक) असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर ५. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणीही कधी कधी ही मर्यादा ओलांडते. वर पायाची खोदाई चालू असताना खालच्या डोहातले पाणी डोळ्यांनाच गढूळ दिसते. ग्रामपंचायतीच्या हातात उपाय एकच : टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर. पण पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीच्या कणांवरच खर्च होतो आणि कणांच्या आड दडलेले जंतू वाचतात. पंपचालक दोन दिवस पंप बंद ठेवतो, तिसऱ्या दिवशी लोक ओरडतात म्हणून सुरू करतो. ज्यांच्या घरी नळ नाही त्यांची गत आणखी वाईट. रायगडमधल्या कातकरी वाड्या उन्हाळ्यात नदीकाठच्या झिऱ्यांवर पाणी भरतात, डोहात मासे-खेकडे धरून दिवस काढतात. माणसे की मासे असा प्रश्न विचारणाऱ्याने या वाड्यांना कुठल्या बाजूला धरले आहे? पुलावरून जाणारा माणूस आणि पुलाखालचे पाणी पिणारा माणूस, दोघेही माणसेच आहेत.

आता नियमांकडे वळू. नियम नाहीत म्हणून हे होते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ नदी-ओढ्यात प्रदूषक पदार्थ टाकायला मनाई करते. त्याच कलमात पूल, बंधारा, धक्का असे बांधकाम अधिकाराने करणाऱ्याला सवलतही आहे : बांधकाम केले एवढ्याच कारणाने तो गुन्हेगार ठरत नाही. ही सवलत रास्त आहे, नाहीतर नदीत एक खांब रोवणेही गुन्हा झाला असता. पण खांब उभा करायची मुभा आणि मिक्सर धुवायची मुभा एक नव्हे, आणि व्यवहारात मात्र दोन्ही एकाच छत्राखाली खपवली जातात. दुसरीकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या विनिर्देशांत धूप आणि गाळ रोखण्याबद्दल, नैसर्गिक प्रवाह प्रदूषित न करण्याबद्दल चांगली स्पष्ट कलमे आहेत. मग घोडे कुठे अडते? त्याच विनिर्देशांत गाळ रोखण्याची तात्पुरती कामे मूळ कामाचाच भाग धरली आहेत, त्यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ज्याने कधी टेंडर भरले आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. कमीत कमी दराला काम घेतलेला ठेकेदार ज्या बाबीचे बिल निघत नाही ती बाब सर्वात आधी गाळतो. शाखा अभियंत्यालाही एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंदवायला काही नसते, त्यामुळे त्याची नजर तिथे जात नाही. ही माणसे वाईट आहेत म्हणून असे घडत नाही. कागद तसा बनवला आहे म्हणून घडते, आणि कागद बदलता येतो.

वेगाचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेली, सुमारे चाळीस माणसे गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. त्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण तो इतक्या लवकर कसा झाला? नदीकडे दुर्लक्ष केल्यामुळे? तारखा पाहा. काम डिसेंबरात सुरू झाले आणि पावसाच्या तोंडावर संपले. पात्रात पाणी सर्वात कमी असते त्याच दिवसांत पात्रातले काम झाले. निर्णय, निधी आणि कार्यादेश नदीच्या घड्याळाप्रमाणे आले, म्हणून १६५ दिवस पुरले. आता कुंडमळा शेजारी ठेवा. तिथल्या नव्या पुलासाठी पैसे आधीच मंजूर झाले होते. कार्यादेश निघाला तो दुर्घटनेच्या काही दिवस आधी, म्हणजे जूनमध्ये, जेव्हा इंद्रायणीत कोणी पाया खोदू शकत नाही. तो उशीर कोणत्या माशामुळे झाला होता?

नदीची सर्वात जास्त हानी उशिरा सुरू झालेल्या कामात होते, हे या क्षेत्रात वावरणारा कोणीही सांगेल. ऑक्टोबरात कार्यादेश मिळाला तर खोदाई जानेवारीपर्यंत उरकते, निवळण खड्ड्याला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात. तोच फेब्रुवारीअखेर मिळाला की मे महिन्यात रात्रंदिवस काम, दोनाऐवजी पाच पंप, आणि पाऊस आला की भराव तसाच टाकून पळ. मग जूनमध्ये दरवर्षीची बातमी येते : पर्यायी रस्ता वाहून गेला, वाहतूक ठप्प. ह्यूम पाइपांची अपुरी तोंडे नदीला नडतात तशीच रस्त्यालाही नडतात. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, वरच्या ओढ्यांकडे अंडी घालायला निघतात. त्यांना अडवणारा बांध आणि गावाची वाट तोडणारा बांध एकच असतो.

बाहेरचा एक दाखला देतो. १ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल कोसळला, तेरा माणसे गेली. तिथेही घाई होती, दबाव होता. १८ सप्टेंबर २००८ ला नवा पूल खुला झाला. त्याचा मुख्य गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, ५०४ फुटांचा, म्हणजे सुमारे १५४ मीटरचा. त्याला आधार देणारे खांब पाण्यात नाहीत, काठावर आहेत. एवढा गाळा आपल्या तालुक्याच्या पुलाला परवडणार नाही, हे मला कळते. मुद्दा गाळ्याच्या लांबीचा नाही. पाण्यात किती पाय ठेवायचे हा प्रश्न तिथे आराखड्याच्या टेबलावर सुटला, जेसीबी नदीत उतरल्यावर नाही. आपल्याकडेही काळ नदीच्या वाळण कोंडीवर झुलता पूल आहे. खाली डोहात महाशीर जातीचे मोठमोठे मासे फिरतात. वरदायिनी देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी धरत नाही, येणारे लोक त्यांना खाऊ घालतात. एक अख्खा डोह गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखला आणि त्यावरून ये-जाही चालू ठेवली.

तात्पुरत्या भरावाची गोष्ट मी इतकी लावून धरतो, कारण कायमच्या भरावांनी काय केले ते आपण पाहतो आहोत. २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूण बुडाले. त्यानंतर महाडकरांनी दोन गोष्टींसाठी पाठपुरावा केला : सावित्रीतली जुटे, म्हणजे पात्रात साचलेली गाळाची बेटे, काढा, आणि दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव हटवून तिथे पाण्याला वाट द्या. कोल्हापुरातही शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता करा, अशी मागणी पुरानंतर पुन्हा पुन्हा झाली. पुरात भरावाचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत मतभेद असतील. पण वाशिष्ठी-सावित्रीतला गाळ काढायला सरकारने यंत्रे लावली, पैसे खर्च केले, हे तर खरे? मग त्याच नद्यांच्या वरच्या अंगाला, त्यांच्या उपनद्यांवर, दुसऱ्या खात्याच्या कामावरचा मुरूम आणि जुन्या पुलाचा मलबा पाण्यात राहू द्यायचा, आणि तिसऱ्या वर्षी तो उपसायला पुन्हा निविदा काढायची, याला कोणता हिशेब म्हणायचे?

खर्चाचा आक्षेपही पाहू, कारण तो लहान कामांपुरता खरा आहे. काही लाखांच्या साकवाला महामार्गाच्या पुलाचे नियम लावले तर साकव होणारच नाही. म्हणून बाबी कामाच्या आकाराप्रमाणे ठरवाव्यात. साकवाला तयार तुळया आणून काठावरून ठेवल्या, मिक्सरचे पाणी पात्रापासून दूर प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात सोडले, तरी पुष्कळ झाले. मोठ्या पुलाला दोन टप्प्यांचे निवळण खड्डे, बेंटोनाइट गोळा करायच्या टाक्या, मलबा उचलण्याची क्रेन, आणि वळणरस्त्याखालच्या पाइपांची संख्या नदीच्या प्रवाहावरून काढलेली. यात परदेशातून आणायचे असे काहीच नाही; पंप, ताडपत्री, खड्डा आणि क्रेन प्रत्येक तालुक्यात भाड्याने मिळतात. जिल्हा दरसूचीत त्यांचा दर लिहिला की ठेकेदार स्वतःहून करील, कारण मग त्याचे बिल निघेल. वेळेच्या बंधनाचेही नवल नको. समुद्रात मासळीच्या विणीसाठी आणि वादळवाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै आपण यांत्रिक बोटी बंद ठेवतो, आणि हजारो कोळी कुटुंबे दरवर्षी ते सोसतात. त्यांच्याकडून दोन महिने मागणाऱ्या सरकारला स्वतःच्या ठेकेदाराकडून मे महिन्यातली एक तारीख मागता येत नाही?

पहिली सुरुवात भरावापासून करावी. मुरूम ब्रासमध्ये मोजून नदीत जातो, त्याची नोंद एमबीत होते आणि त्याचे पैसे मिळतात. तेवढेच ब्रास १५ मेच्या आत बाहेर आले का, हे त्याच एमबीत, त्याच अभियंत्याच्या सहीने नोंदवा. जुन्या पुलाच्या मलब्याचेही तसेच मोजमाप घ्या. ही नोंद झाल्याशिवाय शेवटचे बिल आणि अनामत रक्कम सोडू नका. आणि त्या नोंदीखाली आणखी एक सही घ्या : खालच्या अंगाला ज्या ग्रामपंचायतीची जॅकवेल आहे तिच्या सरपंचाची. पाणी निवळले की नाही हे त्याला मुंबईतल्या कोणत्याही कार्यालयाच्या आधी कळते.